कोयनेच्या पाण्याचा हिशेब

वर कुणीतरी कोयना धरणाचं पाणी पूर्वेकडे शेतीला देण्याचं मॉडेल मांडताना 'कोयनेचं पाणी समुद्राला जाऊन वाया जातं' असं लिहिलंय. वाया कसं? पश्चिमेला कोकणात साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडताना हजार लिटरमागे सुमारे एक युनिट वीज मिळते, तीही संध्याकाळी मागणी चढते तेव्हा हवी तशी. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे. हेच पाणी पूर्वेला कऱ्हाडकडे सोडलं तर ती वीज जाते, शिवाय टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनेत ते उपसायला उलट वीज लागते. म्हणजे खड्डा दुहेरी! आटपाडीच्या डाळिंबाला तो परवडेलही, उसाला परवडेल असं मला वाटत नाही. मॉडेलमध्ये पीक कोणतं धरलंय, ते आधी सांगा. (चिपळूणकरांचं अवजल, म्हणजे वीज तयार झाल्यावर त्यांच्याकडे वाहणारं पाणी, तेही विसरू नका.)