बाबांची एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.१, तरी गोळ्या तेवढ्याच. वय झाल्यावर कमी करतात का?

नौपाडाकर:
बाबा ८१ वर्षांचे, शुगर खूप जुनी. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची कॉम्बो गोळी सकाळ-रात्र चालू आहे. आता एचबीए१सी ६.१ आली, डॉक्टर म्हणाले एकदम छान, हेच चालू ठेवा. पण घरी वेगळंच चाललंय, जेवण अर्ध्यावर आलंय, वजन उतरलंय, पहाटे घामाने बनियन भिजतं आणि उठल्यावर थोडा वेळ काहीतरी असंबद्ध बोलतात. आई म्हणते वयामुळे. चतुर्थीचा उपास असला तरी गोळी घेतातच. डोस कमी करता येतो का?

सीवूड्सची सून:
दादा आधी घरी ग्लुकोमीटर आणा आणि घाम येईल तेव्हा लगेच बोटातून तपासा, शिवाय पहाटे ३ च्या सुमारास एकदा बघा. ७० च्या खाली म्हणजे लो. आमच्या सासूबाईंना पण सगळे वय वय म्हणत होते, मग बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं. नंतरच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केली, आता ७.६ असते आणि तरतरीत आहेत.

कळव्याचा राजू:
पण ७.६ म्हणजे वाढलेलीच ना? माझ्या काकांचा पायाचा अंगठा काढावा लागला शुगरपायी. ६.१ आहे तर हात कशाला लावायचा.

निवृत्त सिस्टर, वाशी:
राजू, काकांचं वाईट वाटलं, पण जास्त शुगरने डोळे-किडनी खराब व्हायला वर्षं लागतात आणि लो झालेली शुगर आज रात्रीच माणसाला पाडते. म्हणून वयस्कांचं टार्गेट वेगळं असतं. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन धडधाकट म्हाताऱ्यांना साधारण ७ ते ७.५ च्या खाली म्हणते, बरेच आजार किंवा विसराळूपणा असेल तर ८ च्या खालीही चालतं. २००८ मध्ये अ‍ॅकॉर्ड नावाच्या अभ्यासात एचबीए१सी ६ च्या खाली न्यायची जोरदार ट्रीटमेंट मधेच थांबवावी लागली, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले.

नुसत्या मेटफॉर्मिनवर ६.१ असती तर मी एवढं बोलले नसते, त्याने सहसा लो होत नाही. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न असो नसो इन्सुलिन सोडायला लावते, आणि किडनी थकलेली असेल तर शरीरात जास्त वेळ राहते. क्रिएटिनिन, ईजीएफआर या किडनीच्या टेस्ट करून घ्या, ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिनही बंद करतात. बीपीची बीटा ब्लॉकर गोळी असेल तर शुगर लो झाली तरी धडधड जाणवत नाही, फक्त घाम येतो. मनाने गोळ्या बंद करू नका, रीडिंग लिहून डॉक्टरांना दाखवा आणि उपासाच्या दिवशी काय करायचं तेही स्पष्ट विचारा.

लो आली तर ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासा, मग काहीतरी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन. या गोळीची लो पुन्हा पुन्हा येऊ शकते, म्हणून सावरले तरी डॉक्टरांना लगेच कळवा.

नौपाडाकर:
ताई, पहाटे ५८ आली!! साखरपाण्याने सावरले. डॉक्टरांना फोन केला, रात्रीची गोळी बंद केली, किडनीची टेस्ट सांगितलीय. आता शुगर वाढली तर?

निवृत्त सिस्टर, वाशी:
थोडी वाढेलच, जेवणानंतर १८०-२०० दिसली म्हणून रात्रीची गोळी परत सुरू करू नका. सतत २५० च्या वर राहिली किंवा खूप तहान, सारखी लघवी सुरू झाली तर डॉक्टरांना सांगा. आणि ही कॉम्बो आहे, त्यामुळे सकाळच्या गोळीत ग्लिमेपिराइड किती मिलिग्रॅम आहे ते पाकिटावर बघून त्यांना विचारा, तीही कमी करायला लागेल बहुतेक.