घनफळ: आधी ठोकळे की आधी सूत्र?

पाचवीतल्या मुलीची आई, कोथरूड
लेकीला स्कॉलरशिपच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी ‘लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची’ लिहून दिलं. गणितं पटापट सुटली. मग ठोकळ्यांच्या खोक्याचं चित्र आलं: लांबीला 4, रुंदीला 3, उंचीला 2. तिने उत्तर लिहिलं 26. हे 26 आले कुठून म्हणून मी तिला बोट ठेवून मोजायला लावलं. वरचे 12 चौकोन, समोरचे 8, बाजूचे 6. दिसले तेवढे चौकोन मोजले! पुढच्या कोपऱ्यातला वरचा एकच ठोकळा तीनदा धरला आणि खालच्या थरातले मागचे 6 ठोकळे राहूनच गेले.

काल आम्ही पुठ्ठ्याचं तेवढंच खोकं केलं आणि एक सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे घेतले. चारची एक रांग, अशा तीन रांगा, तळ भरला. दुसरा थर लावायच्या आधीच म्हणाली, “आई, अजून एकदा 12.” तिला गुणाकार तिथे कळला. माझं म्हणणं एवढंच की सूत्र आठवडाभर मागे ठेवा.

शिकवणी घेणारा, सदाशिव पेठ
ताई, तुमच्याकडे एक मूल, माझ्या बॅचला 35. प्रत्येकाला 24 ठोकळे म्हणजे 840. वाटण्यात आणि गोळा करण्यातच तास संपतो. शिवाय खोकं साडेचार सेंटिमीटर लांब असलं तर? ठोकळे बसत नाहीत, सूत्र चालतं. मुलं सूत्र वापरता वापरता समजतात, माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे.

साइटवरचा माणूस, वारजे
साडेचारला ठोकळा अर्धा कापा. 4.5 × 3 × 2 मध्ये पूर्ण ठोकळे 24 आणि अर्धे 6, म्हणजे 27. सूत्रही तेच सांगतं, पण अर्धा कुठे गेला ते डोळ्यांनी दिसतं.

आमच्याकडे वाळू ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. नव्या पोरांना मी असंच सांगतो: दहा बाय दहा फुटांची खोली, तिच्यात फूटभर वाळू. हा एक थर झाला. एवढं डोक्यात बसलं की ट्रॉलीत किती माल आलाय ते पोरगं टेप लावून स्वतः काढतं, कुणी फसवत नाही.

शिकवणी घेणारा, सदाशिव पेठ
ब्रास पटला. पण एका घनमीटरमध्ये किती घनसेंटिमीटर, हे ठोकळे लावून दाखवणार? दहा लाख ठोकळे?

पाचवीतल्या मुलीची आई, कोथरूड
नेमकं तिथेच मुलं 100 लिहितात, कारण मीटरमध्ये 100 सेंटिमीटर एवढंच पाठ असतं. ज्याने थर लावलाय त्याला विचारा: रांगेत 100, थरात 100 रांगा म्हणजे 10 हजार, आणि असे 100 थर. दहा लाख ठोकळे लागत नाहीत, हाताने एकदा लावलेला छोटा थर पुरतो. लीटरचंही तेच. दहा सेंटिमीटरच्या घनात 1000 ठोकळे, म्हणून 1000 मिली. पावसाळ्यात पेपरात खडकवासला धरणसाखळीतल्या पाण्याचे टीएमसी वाचतो ना आपण? एक टीएमसी म्हणजे फूटभराचे 100 कोटी ठोकळे. लेकीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली होती.

आणि 840 कशाला? पाच-पाचचे सात गट करा, 168 पुरतात.

शिकवणी घेणारा, सदाशिव पेठ
रविवारच्या बॅचला एक तास देतो. पण परीक्षेच्या आधीच्या महिन्यात ठोकळे काढणार नाही, ते मला अजूनही पटत नाही. कापायचे अर्धे ठोकळे कशाचे करता?

साइटवरचा माणूस, वारजे
कपड्याच्या साबणाची वडी. सुरीने सरळ कापली जाते.