'रन' म्हणजे नुसतं धावणं नव्हे

इंग्रजी 'रन' (run) या क्रियापदाला मराठीत 'धावणे' पुरतं, असं कुणी म्हटलं तर ते मला अजिबात पटत नाही. नाक गळतं, साडीचा रंग जातो, दुकान चालवतात, निवडणूक लढवतात. इंग्रजीत सगळीकडे 'रन'च. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती, पुढे 'रन'ने तिला मागे टाकलं. क्रिकेटमध्ये मात्र धाव म्हणजे धावच!

आणि आपलं 'लागणे' काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते. गॅसवर दूध ठेवून जरा डोळा लागला की पातेल्याला दूध लागतं. या एका वाक्यातल्या दोन 'लागणं'ना इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं शोधावी लागतात. हे तिसरं 'लागणं' तर लिहिता लिहिता आलं.