मदत हवी आहे: लायब्निझ आणि ह्यूम नेमके कुठे वेगळे होतात?

मंडळी, मी एम.ए. तत्त्वज्ञान बाहेरून करते आहे. रविवारच्या संपर्कवर्गात बुद्धिवादी (ज्ञानाचा पाया बुद्धी मानणारे) आणि अनुभववादी (पाया इंद्रियांचा अनुभव मानणारे) यांच्या तुलनेवर २० मिनिटं बोलायचं आहे आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे.

नोट्समध्ये सरळ दोन रकाने आहेत. एकीकडे देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ. दुसरीकडे लॉक, बर्कली, ह्यूम. शेवटी कांट येऊन सांगड घालतो. पाठ करायला सोपं आहे, पण मूळ ग्रंथ इंग्रजीतून वाचायला घेतले आणि रकाने टिकेनात.

लॉक मनाला कोरा कागद म्हणतो. त्याला उत्तर म्हणून लिहिलेल्या 'न्यू एसेज' या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लायब्निझ म्हणतो, कागद नव्हे, शिरा असलेला संगमरवर. हर्क्युलिसचा आकार त्या शिरांतच आहे, पण छिन्नी चालवल्याशिवाय तो दिसायचा नाही. इथवर ठीक. त्याच प्रस्तावनेत पुढे एक दाखला आहे, तो वाचून मी थबकलेच. ग्रीक, रोमन, सगळ्यांचा अनुभव एकच: २४ तास सरायच्या आत दिवसाची रात्र होते. पण हाच नियम सगळीकडे लागू आहे असं धरलं तर चूक होईल, कारण उत्तर ध्रुवाजवळच्या नोव्हाया झेम्ल्या बेटांवर तसं होत नाही. इंद्रियं फक्त उदाहरणं देतात. ती कितीही जमवली तरी त्यांतून 'असंच असलं पाहिजे' हे निघत नाही.

हे तर ह्यूमचंच बोलणं झालं! 'उद्या सूर्य उगवणार नाही' या वाक्यात काहीही विसंगती नाही, असं तो १७४८ मध्ये लिहितो. आणि त्यानं हे लायब्निझकडून उचललं असंही नाही. लॉक १७०४ मध्ये वारल्यावर लायब्निझनं ते पुस्तक छापलंच नाही. ते निघालं १७६५ मध्ये.

मग फरक कुठे? गणित नुसत्या विचारानं सिद्ध होतं हे ह्यूमलाही मान्य आहे. मला वाटतं, खरी फूट 'कारणाशिवाय काहीच घडत नाही' इथे पडते. लायब्निझसाठी हे बुद्धीचं मूलतत्त्व आहे ('प्रिन्सिपल ऑफ सफिशियंट रीझन'). ह्यूम म्हणतो, एखादी गोष्ट कारणाशिवाय सुरू झाली अशी कल्पना करता येते, म्हणजे हे तत्त्व तर्कानं सिद्ध होत नाही. एक बिलियर्डचा चेंडू दुसऱ्यावर आदळला की दुसरा हलणारच, ही आपली खात्री सवयीतून येते.

ही मांडणी बरोबर आहे का? की मी लायब्निझला ह्यूमच्या फार जवळ ओढते आहे?

आणखी एक अडचण भाषेची आहे. 'कॉज' आणि 'रीझन' दोन्हींना आपण कारणच म्हणतो, आणि हा वाद तर नेमका त्या दोहोंमधल्या फटीत आहे. न्यायदर्शनात सोय आहे: डोंगरावरचा धूर हा तिथे अग्नी असल्याचा हेतू, आणि अग्नी हे धुराचं कारण. पण वर्गात 'सफिशियंट रीझन'ला 'पर्याप्त हेतू' म्हटलं की ऐकणाऱ्याला उद्देश वाटतो. तुम्ही शिकवताना किंवा लिहिताना कोणता शब्द वापरता?