मदत हवी आहे: वादळात पाणी शिरलेल्या घरासाठी ठेकेदार कसा पारखायचा?

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण गोष्ट अर्धी सांगितली तर उत्तरही अर्धंच मिळेल, म्हणून सगळं लिहितेय.

आमचं घर वादळाच्या वाटेवर आहे. दर मोसमात एखादा तडाखा ठरलेला. या वेळी रात्रभर पाऊस आडवा मारत होता. छताच्या कडेचा पत्रा उचकटला आणि वरच्या खोलीत गळती सुरू झाली. खाली मागच्या दाराने अंगणातलं पाणी घोट्याएवढं आत आलं, ते सकाळी ओसरलं. फरशी पुसली, पंखे लावले, वरवर घर कोरडं दिसतंय. आज पाचवा दिवस. काल कपाट भिंतीपासून पुढे ओढलं तर मागच्या प्लायवूडवर राखाडी ठिपक्यांची रांग. खिडकीखाली रंगाला नाण्याएवढा फुगा आलाय. नखाने टोचला तर आतून थेंब ओघळला.

दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. तेव्हा ज्याला काम दिलं त्याने पोपडे खरवडले, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारले आणि आठवड्यात पैसे घेऊन गेला. आम्ही खूश. सहा महिन्यांत त्याच भिंतीचा रंग सुटला, गिलावा हाताला भुसभुशीत लागू लागला. फोन केला तर म्हणे, "भिंतीतच ओल आहे, त्याला रंग काय करणार?" (मग आधी का नाही बोललास बाबा!)

आता तिघे येऊन गेलेत. पहिला वादळ थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी न बोलावता दारात. दहा मिनिटांत घर पाहिलं आणि म्हणाला, निम्मे पैसे आत्ता द्या, संध्याकाळी माणसं लावतो. दुसरा म्हणतो खालचा सगळा गिलावा फोडा. तिसऱ्याने ओल मोजायचं मीटर भिंतीला जागोजागी टेकवून आकडे वहीत उतरवले, रंगीत चित्र दाखवणारा कॅमेरा फिरवला, आणि म्हणाला आधी वाळवू, फोडायचं किती ते नंतर ठरवू. त्याचं कोटेशन सगळ्यात जास्त. सासऱ्यांचं मत, "यंत्रं दाखवून पैसे काढायचे धंदे."

माझं मन तिसऱ्याकडे ओढतंय. पण तो खरंच जाणकार आहे की नुसता देखावा, हे मला कसं कळणार? काय विचारू? आणि पुढच्या वादळाआधी हे संपायला हवं.

पागोळी:
ताई, मी याच कामात बरीच वर्षं आहे. तुम्ही कुठे आहात माहीत नाही, त्यामुळे नावं सुचवत नाही. एकच प्रश्न तिघांना विचारा: "भिंत वाळली हे तुम्ही कशावरून ठरवणार?" जो हात फिरवून सांगतो त्याला चहा... नको, नुसता नमस्कार करा.

खऱ्या जाणकाराचं उत्तर साधारण असं येईल. घरातल्या न भिजलेल्या भिंतीचा आकडा आधी घेतो, तो आमचा मापदंड. भिजलेल्या भिंतीचे त्याच खुणा केलेल्या जागांवरचे आकडे रोज लिहितो, आणि ते मापदंडापाशी आले की वाळवायची यंत्रं बंद. ही तुलना महत्त्वाची, कारण हे मीटर बहुतेक लाकडाच्या हिशेबाने लावलेले असतात. विटा-गिलाव्यावर त्यांचा आकडा फक्त जास्त-कमी सांगतो, नेमकी टक्केवारी नाही. भिंतीत क्षार उतरले असतील तर आकडा उगाच फुगतो, हेही त्याला ठाऊक हवं. कॅमेऱ्याबद्दल सासरे अर्धे बरोबर आहेत. तो ओल पाहत नाही, पृष्ठभागाचं तापमान पाहतो. ओली जागा बाष्पीभवनाने थंड पडते म्हणून वेगळी दिसते, पण दाराच्या झोताने गार झालेली कोरडी भिंतही तशीच दिसेल. कॅमेऱ्याने जागा हेरायची आणि मीटरने खात्री करायची. तिसऱ्याने दोन्ही वापरलं, हे चांगलं लक्षण.

दुसरं, वरचं आणि खालचं पाणी एकाच हिशेबात धरणारा नको. या व्यवसायात आयआयसीआरसी या संस्थेचं 'एस ५००' हे मानक मानलं जातं. त्यात पाण्याच्या तीन श्रेणी आहेत, आणि जमिनीवरून वाहत आत आलेलं पुराचं पाणी तिसऱ्या म्हणजे सर्वांत घाण श्रेणीत मोडतं. त्यात सांडपाणी, कीटकनाशकं, काहीही असू शकतं. खाली भिजलेल्या गाद्या, गालिचे, कापूस भरलेलं सामान वाळवून वापरू नका. जीव तुटेल, पण टाका.

बुरशीचं म्हणाल तर वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर ती सहसा धरत नाही. तुमचा पाचवा दिवस आहे, ठिपके दिसलेत. त्या भागात आता उघडा पंखा लावू नका, बीजाणू घरभर उडतील. आधी तो भाग प्लास्टिकने वेगळा करायचा, बुरशी काढायची, मग वारा.

कोरडाठाक:
पागोळींना अनुमोदन, एक भर. दुसऱ्या ठेकेदाराला लगेच मोडीत काढू नका. दोन वर्षांपूर्वीचा वॉटरप्रूफ रंग अजून त्या भिंतीवर असेल तर आतली ओल बाहेर यायला वाटच नाही. तो रंग खरवडावाच लागेल, आणि जिथे गिलावा ठोकल्यावर पोकळ आवाज देतो तिथे फोडावाही लागेल. मात्र "सगळा" का, हे त्याने भिंत ठोकून दाखवावं. जिप्सम बोर्ड असेल तर गोष्ट वेगळी, ते पाणी वर शोषून घेतं. खालच्या पाण्यात भिजलेलं कापून काढायचं.

आणि घाई कुणालाच करू देऊ नका. काँक्रीट साधारण महिन्याला २५ मिलिमीटर वाळतं असा जुना ठोकताळा आहे. यंत्राने वेग वाढतो, पण आठवड्यात रंगकाम म्हणजे मागच्या वेळचीच पुनरावृत्ती. फरशीखालच्या कोब्याची शंका असेल तर फरशी निघालेल्या जागी ४५ सेंटिमीटरचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवा आणि किमान १६ तासांनी उचला. खाली दव जमलं किंवा कोबा काळवंडला तर ओल शिल्लक आहे.

झुळूक:
विमा आहे का? असेल तर काहीही फेकण्याआधी फोटो, व्हिडिओ, वस्तूंची यादी. विमा कंपनीला विचारून टाका, नाहीतर सर्वेयर येतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही. गळती थांबवायला ताडपत्री टाकणं मात्र थांबवू नका, नुकसान वाढू न देणं हे तुमच्यावरच असतं. "विम्याचं आम्ही बघतो, इथे सही करा" म्हणणाऱ्याचा कागद पूर्ण वाचा. त्यात दाव्याचा हक्कच त्याच्या नावे जात असेल तर सही करू नका.

आणि हो, ओल्या भिंतीतले प्लग पॉइंट. आधी वायरमन, मग बाकी सगळे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. गाद्यांबद्दल वाचून वाईट वाटलं, पण फोटो काढले, कळवलं आणि काल बाहेर ठेवल्या.

तिघांनाही तोच प्रश्न विचारला. पहिला म्हणाला, "अहो मॅडम, अनुभवावरून." दुसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की वाळवण्याची यंत्रं त्याच्याकडे नाहीत, पण गिलाव्याचं काम तो चोख करतो. तिसऱ्याने वही उघडली. त्यात आमच्या जिन्याच्या कोरड्या भिंतीचा आकडा आधीच लिहिलेला होता. सासरे चष्मा लावून वही बघत बसले, काही बोलले नाहीत.

सध्या ठरतंय ते असं: वाळवण तिसऱ्याकडे, रोजचे आकडे आमच्या सहीने. गिलावा आकडे उतरल्यावर दुसऱ्याकडे. पैसे टप्प्याटप्प्याने. एक शंका राहिली. तिसरा म्हणतो डिह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र) चालू असताना खिडक्या बंद ठेवा. घरात आधीच कुबट वास आहे, जीव घुसमटतो. उघडल्या तर चालतील का?

पागोळी:
बाहेर दमट असेल तर नाही. यंत्र मग घराऐवजी बाहेरची हवा वाळवत बसेल. त्या खोल्यांची दारं-खिडक्या बंद, तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली उतरतेय का बघा, ५० च्या आत आली तर उत्तमच.

आणि खिडकीखालचा फुगा विसरू नका. तिथे पाणी छतातून आलं की चौकटीतून, हे कुणीच तपासलेलं दिसत नाही. खोली वाळल्यावर एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं. सुरुवात खिडकीच्या खालून, काही मिनिटं एकाच जागी, मग हळूहळू वर. वरून सुरू केलंत तर ओघळ सगळीकडे पसरेल आणि फट कुठली ते कळणार नाही. आत पहिला थेंब दिसला की हाक मारायची आणि तिथेच खडूने खूण करायची. गिलावेवाल्याला बोलावण्याआधी हे करा.

धागाकर्ती:
आत बसायला सासरे तयार झालेत. खडू त्यांनी आत्ताच मागून घेतलाय.