लॉनला पावसाळ्यानंतर कोणतं खत, किती? मदत हवी आहे

पुण्यात घरासमोर साधारण 600 चौरस फूट लॉन आहे, सिलेक्शन नंबर वन जातीच्या गवताचं. काळी माती, ऊन दिवसभर, पाणी बोअरचं आणि चांगलंच जड (नळाला पांढरे थर बसतात).

एप्रिलमध्ये एक किलो युरिया हाताने फेकला आणि पाणी दिलं थेट संध्याकाळी. चूक माझीच. जिथे मूठ जास्त पडली तिथे गवत करपलं. जूनमध्ये चाळलेलं शेणखत पसरलं, ते डाग भरले, पण सोबत तणही उगवलं. आता ऑक्टोबर सुरू झालाय आणि नवी पानं पिवळट येताहेत, शिरा मात्र हिरव्या. म्हणून नत्रापेक्षा लोहाची कमतरता वाटते. पाणी साचत नाही, कापणी दर दहा दिवसांनी. माती तपासलेली नाही.

घरी 19:19:19 ची (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) अर्धी पिशवी पडून आहे. कुत्रा लॉनवरच लोळतो, त्यामुळे निंबोळी पेंड चालेल, एरंडीची नको (कुत्र्याला विषारी).

तर आधी चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) फवारू की 19:19:19? लिटरला किती ग्रॅम? आणि डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते तेव्हा खत पूर्ण थांबवायचं, की निम्म्या मात्रेत चालू ठेवायचं?