मदत हवी आहे: नवी ओळ आली की 'काढा' बटण मरतं (तातडीचं)

फराळवाला_भाऊ
ताईच्या फराळाच्या ऑर्डरसाठी एक साधं पान बनवलंय. पदार्थ निवडा, किलो लिहा, 'आणखी पदार्थ' दाबलं की खाली नवी ओळ. प्रत्येक ओळीत 'काढा' बटण. एकच ओळ असताना 'काढा' मस्त चालतं. दुसरी ओळ आली की कुठलंच चालत नाही, पहिलंसुद्धा! उद्या सकाळी लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची आहे. 'आधी जावास्क्रिप्ट नीट शिक' हे सोडून काहीही सांगा.

जुनं_खोड
जेक्वेरी ही तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी घाल. डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पानावर, तिचं 'ऑन' लावलं की नंतर आलेल्या बटणांचे क्लिकही पकडले जातात. आमची २०१२ सालची पानं अजून तशीच चालू आहेत.

कट्ट्यावरचा
चालू आहेत कारण त्यांना हात लावायची कुणाची हिंमत नाही. एका बटणासाठी अख्खी लायब्ररी कशाला?

जुनं_खोड
तुम्हाला आज पानावरचे घटक शोधणारं क्वेरीसिलेक्टर आयतं मिळतंय म्हणून बोलताय. २००६ मध्ये जेक्वेरी आली तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररला क्लिक पकडणारं अॅडइव्हेंटलिसनर माहीतही नव्हतं, त्याच्यासाठी अटॅचइव्हेंट वेगळं लिहावं लागायचं. एक्सप्लोरर ९ येईपर्यंत भोगलंय आम्ही.

नवा_गडी
हाताने डॉम (पानावरच्या घटकांची रचना) हलवतं का कुणी आता? रिअॅक्ट लायब्ररी घ्या.

फराळवाला_भाऊ
दादा, उद्या सकाळी म्हटलंय. पुढच्या दिवाळीला नाही.

अर्धवट_शहाणा
स्क्रिप्ट हेडमध्ये असणार. पान तयार व्हायच्या आधीच ती चालते, मग बटण शोधणारं गेटएलिमेंटबायआयडी नल, म्हणजे 'सापडलं नाही', देतं. बॉडीच्या शेवटी न्या किंवा स्क्रिप्टला डिफर लावा, म्हणजे ती पान वाचून झाल्यावर चालेल. माझा अख्खा रविवार यात गेला होता.

फराळवाला_भाऊ
नल नाही, एरर नाही, ब्राउझरचा एरर दाखवणारा कन्सोल कोरा. एका ओळीला चालतं असं लिहिलंय की वर!

सीमा_रेषा
नवी ओळ कशी घालतोस ते कुठेच लिहिलं नाहीस. तो कोड टाक. आणि नवी ओळ आली की आधीच्या ओळीत लिहिलेले किलो जागेवर राहतात का?

फराळवाला_भाऊ
नाही ना, तेही उडतात! तो वेगळा घोळ वाटला म्हणून लिहिलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं? कोड एवढाच आहे (टीबॉडी म्हणजे टेबलचा ओळींचा भाग, इनरएचटीएमएल म्हणजे त्याच्या आतला एचटीएमएल):
टीबॉडी.इनरएचटीएमएल += नवीओळ;
'काढा'चे लिसनर (क्लिक झाला की चालणारा कोड) पान उघडताना एकदाच लावतो.

सीमा_रेषा
घोळ एकच आहे. += बघून वाटतं की शेवटी एक ओळ चिकटली. ब्राउझर मात्र जुन्या सगळ्या ओळींचा मजकूर करतो, त्याला नवी ओळ जोडतो आणि सगळंच नव्याने उभारतो. जुनी बटणं गेली, त्यांच्याबरोबर लिसनर गेले. टाइप केलेले किलो एचटीएमएलच्या मजकुरात नसतातच, म्हणून तेही गेले. दिसायला तीच ओळ, पण तो तिचा जुळा भाऊ.

ओळ इन्सर्टअॅडजेसंटएचटीएमएलने 'बिफोरएंड'ला, म्हणजे टीबॉडीच्या शेवटी, घाल, म्हणजे आधीच्यांना धक्का लागत नाही. आणि प्रत्येक बटणाला लिसनर लावत बसू नकोस, टीबॉडीवर एकच लाव. क्लिक वर चढत तिथे पोचतोच. आत इव्हेंटच्या टार्गेटवरून (नेमकं जिथे क्लिक झालं तिथून) क्लोजेस्टने वर जात 'काढा'चा क्लास शोध. सापडला नाही तर परत फिर, सापडला तर क्लोजेस्टनेच टीआर, म्हणजे ती ओळ, गाठ आणि रिमूव्ह कर. टार्गेट थेट तपासू नकोस. बटणात कचरापेटीचं चित्र असेल तर टार्गेट ते चित्र निघतं.

जुनं_खोड
म्हणजे मी सांगितलेलंच, फक्त लांबून.

सीमा_रेषा
अर्धं. किलो तुमच्या 'ऑन'नेही उडालेच असते.

भाजणीप्रेमी
अवांतर: भाजणीची चकली काय किलो?

फराळवाला_भाऊ
चाललं!!! कचरापेटीचं चित्र खरंच होतं. आता शेवटचं. 'सगळं साफ करा' दाबलं तर सहातल्या तीनच ओळी जातात. चकली, शेव, अनारसे जातात आणि लाडू, चिवडा, शंकरपाळे राहतात. गेटएलिमेंट्सबायक्लासनेमवर फॉर लूप आहे, मोजणीचा आय शून्यापासून.

कट्ट्यावरचा
ती यादी जिवंत असते, पानाबरोबर लगेच बदलते. चकली काढलीस की लाडू शून्यावर सरकतात आणि तुझा आय जातो एकवर, तिथे शेव. लाडू वाचले. क्वेरीसिलेक्टरऑलची यादी घेतल्या क्षणी गोठते, ती घे. नाहीतर लूप उलटा फिरव.

अर्धवट_शहाणा
किंवा टीबॉडीवर रिप्लेसचिल्ड्रन, कंसात काही न लिहिता. लूपच नको.

फराळवाला_भाऊ
झालं. आता ताई म्हणते बटणं केशरी हवीत. चकली ५२० रुपये किलो, पण पाव किलोच्या ऑर्डरी घेत नाही.

भाजणीप्रेमी
किमान किती घ्यावी लागेल?